विलायतेतील शरद आणि आपले पितर

२०१८ सालच्या सप्टेंबरात सरकारने मला एका वर्षाच्या अभ्यासासाठी लंडनला पाठविले. चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थी होण्याचा तो योग होता. जाताना मनात शरद ऋतूची आपली कल्पना होती. आपला शरद म्हणजे पावसाने धुतलेले आकाश, तुडुंब विहिरी, दसऱ्याच्या झेंडूचे ढीग आणि कोजागरीचे चांदणे. तेथील शरद अगदी निराळा निघाला. तो उजेड सरत जाण्याचा ऋतू आहे. दिवस रोज तीन-चार मिनिटांनी आखडत जातो, झाडे पिवळी-तांबडी होऊन गळू लागतात, आणि नोव्हेंबर निम्मा होतो न होतो तोच दुपारी चारच्या सुमारास दिवे लावावे लागतात.

दक्षिण लंडनमधील एका उपनगरात एका वृद्ध बाईंच्या घरी मी खोली घेतली होती. बाई निवृत्त शिक्षिका होत्या, आणि प्रश्न विचारणारा विद्यार्थी मिळाला याचा त्यांना आनंद झाला असावा. परक्या माणसाला ही एक सवलत असते. घरच्या माणसांना जे विचारण्याची लाज वाटते, ते तो निःसंकोच विचारू शकतो. हे असे का करता, ते केव्हापासून करता, हा माझा रोजचा धोशा असे.

पहिला प्रश्न पडला तो चर्चच्या दारात मांडलेल्या डबाबंद वाटाण्यांविषयी. तो सुगीचा उत्सव होता. नव्या धान्याची पावरोटी, भोपळे, सफरचंदे चर्चमध्ये नेऊन ठेवावयाची आणि आभार मानावयाचे. शहरातील माणसांना शेत कोठले? म्हणून ती डबे आणतात, आणि ते पुढे गरजूंच्या घरी जातात. हा उत्सव फार प्राचीन असेल असे मला वाटले होते. पण त्याचे आजचे रूप १८४३ सालचे. कॉर्नवॉलमधील मॉरवेनस्टो नावाच्या गावच्या रॉबर्ट हॉकर या धर्मोपदेशकाने ते सुरू केले. आपल्याकडे आश्विनी पौर्णिमेला कोकणात नवान्न होते, दारावर भाताच्या लोंब्या बांधतात, त्याची मला आठवण झाली. माणूस कोठलाही असो, नवे धान्य घरात आले की पहिला घास दुसऱ्या कोणासाठी तरी काढून ठेवतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बाईंनी घरातील सगळी घड्याळे एक तास मागे केली. सबंध राष्ट्राने एका रात्रीत घड्याळ मागे घ्यावे, याची मला मौज वाटली. ही कल्पना विल्यम विलेट या घरबांधणीच्या व्यावसायिकाने १९०७ साली मांडली होती. लोकांनी ती तेव्हा हसण्यावारी नेली. मग महायुद्ध आले, दिवाबत्तीचा खर्च आणि कोळसा वाचविण्याची निकड लागली, आणि १९१६ साली तिचा कायदा झाला. तोवर विलेट हयात नव्हता. "आमच्या घरातल्या घड्याळातसुद्धा ते युद्ध बसलेलं आहे," असे बाई म्हणाल्या. तेव्हा मी त्या बोलण्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

ऑक्टोबरच्या अखेरच्या रात्री भुताखेतांचे मुखवटे घालून मुले दारोदार गोळ्या-चॉकलेटे मागत फिरली. खिडक्यांत पोखरलेले लाल भोपळे आतून दिवे लावून ठेवले होते. बाईंना हा प्रकार फारसा रुचत नसे. भोपळा अमेरिकेचा, असे त्या म्हणत. त्यांच्या स्कॉटिश आजीने लहानपणी पोखरलेला असे तो सलगम. पण या खेळाचे मूळ गंभीर आहे. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा. त्या दिवशी पूर्वी गोरगरीब दारोदार जात, घरचे लोक त्यांना लहानशा गोड पोळ्या देत, आणि त्या खाऊन ते त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली, आणि मृतांसाठी प्रार्थना करण्याची चाल इंग्लंडच्या चर्चने सोडली. प्रार्थना गेली, दारोदार फिरणे तेवढे राहिले. पितरांचा दिवस मुलांचा झाला.

५ नोव्हेंबरला त्या वर्षी आपली धनत्रयोदशी होती. खोलीत एक पणती लावून मी बाहेर पडलो, तो आकाशात सगळीकडे बाण उडत होते. क्षणभर वाटले, ही आपलीच दिवाळी. ती होती गाय फॉक्सची रात्र. १६०५ साली काही कॅथलिक कटवाल्यांनी राजा जेम्स याला पार्लमेंटसकट उडवून देण्याचा बेत केला. सभागृहाखालच्या तळघरात बंदुकीच्या दारूची ३६ पिंपे रचली. एका उमरावाला आलेल्या निनावी पत्रामुळे कट फुटला, आणि पिंपांवर पहारा करणारा गाय फॉक्स पकडला गेला. पार्लमेंटने त्या सुटकेचा दिवस दरसाल पाळण्याचा कायदाच केला, आणि तो १८५९ सालापर्यंत चालू राहिला. त्याच्या बुजगावण्यासारख्या पुतळ्याला होळीत जाळण्याची चाल अजून आहे. दिल्लीकडे रावण जाळतात तसेच हे. पण रावणाच्या मागे धर्मद्वेष नाही, येथे एके काळी तो होता. ससेक्समधील लुईस गावात आजही सोळाव्या शतकात जाळल्या गेलेल्या १७ प्रॉटेस्टंट हुतात्म्यांच्या नावे जळते क्रूस मिरवीत नेतात. इतरत्र मात्र ही रात्र म्हणजे भाजलेले बटाटे, गरम सूप आणि मुलांची हौस. वैराची आठवण चारशे वर्षांत खेळ होऊन जाते, ही गोष्ट मला आश्वासक वाटली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वे स्थानकावर निराळेच काही दिसले. प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या माणसाच्या कोटावर तांबडे कागदी फूल होते. एखाद्या राजकीय पक्षाचे चिन्ह असावे, असे समजून मी ते घेण्याचे टाळले. सरकारी नोकराने परक्या देशात पक्षाचे फूल कसे लावावयाचे? संध्याकाळी बाईंना हे सांगितले तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग गप्प झाल्या.

ते फूल रानखसखशीचे. पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सची भूमी तोफगोळ्यांनी उलथीपालथी झाली, आणि त्या उकरलेल्या मातीत ही फुले माजली. जॉन मॅक्रे या कॅनेडियन लष्करी डॉक्टराने १९१५ साली त्यांवर कविता लिहिली, आणि तीमुळे हे फूल स्मरणाचे चिन्ह ठरले. १९२१ सालापासून ब्रिटिश लीजन ही माजी सैनिकांची संस्था ते विकून जखमी सैनिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी निधी गोळा करते. बाईंच्या कन्येच्या कोटावर मात्र पांढरे फूल होते. १९३३ साली सहकारी चळवळीतील स्त्रियांच्या संघाने ते काढले. मेलेल्यांची आठवण ठेवू, पण युद्धाचा गौरव करणार नाही, असा त्याचा अर्थ. आई आणि मुलगी एकाच टेबलाशी बसून दोन रंगांची फुले लावीत होत्या, आणि कोणी कोणाला चूक म्हणत नव्हते.

त्या वर्षी युद्धविरामाला शंभर वर्षे पूर्ण होत होती, आणि योगायोगाने ११ नोव्हेंबर रविवारीच आला होता. मी सकाळी लवकरच व्हाइटहॉलच्या पदपथावर जाऊन उभा राहिलो. रस्त्याच्या मध्यभागी सेनोटाफ आहे. या ग्रीक शब्दाचा अर्थ रिकामी समाधी. १९१९ सालच्या जुलैत विजयाच्या संचलनासाठी एडविन लुटियन्स या वास्तुशिल्पज्ञाने ती लाकूड आणि गिलाव्याची तात्पुरती उभी केली होती. ज्यांचे मुलगे परत आले नव्हते त्या माणसांनी तिच्या पायथ्याशी फुलांचे इतके ढीग घातले, की ती हलविणे कोणाला शक्य झाले नाही. दुसऱ्या वर्षी ती पोर्टलंडच्या दगडात कायमची बांधली गेली. तिच्यावर क्रूस नाही, कारण मेलेल्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते.

अकराचे ठोके पडले, तोफ झाली, आणि हजारो माणसांचा तो समुदाय दोन मिनिटे निःशब्द उभा राहिला. कोठेतरी एक तान्हे मूल रडले, तेवढाच आवाज. ही दोन मिनिटांची स्तब्धता १९१९ सालापासून पाळली जाते. दक्षिण आफ्रिकेतील पर्सी फिट्झपॅट्रिक यांनी ती सुचविली होती, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा त्या युद्धात पडला होता. दुसरी तोफ झाली, बिगुल वाजले, पुष्पचक्रे वाहिली गेली. तेव्हाचे युवराज आणि आताचे राजे चार्ल्स यांच्या पाठोपाठ जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी पुष्पचक्र वाहिले. ज्यांच्याशी लढाई झाली त्यांचा प्रमुख त्या रिकाम्या समाधीपुढे मान लववून उभा होता. मग राष्ट्रकुलाचे प्रतिनिधी पुढे आले. त्यांत आपलेही उच्चायुक्त होते.

त्या रात्री जेवताना बाईंनी अगदी सहज विचारले, "तुमच्या घरचं कोणी होतं का त्या युद्धात?"

मी "नाही" म्हणण्यासाठी तोंड उघडले, आणि तेवढ्यात मला बसऱ्याचे आजोबा आठवले.

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात. भाद्रपदातील सर्वपित्री अमावास्येला घरी म्हाळ असे. माझे आजोबा बापाचे, आजाचे नाव घेऊन पाने वाढीत आणि शेवटी एक पान आणखी वाढीत. ते त्यांच्या चुलत्याचे, म्हणजे माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावाचे. तो पलटणीत भरती होऊन बसऱ्याला गेला आणि परत आला नाही. केव्हा मेला, कोठे मेला, याचा पत्ता नाही. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचे श्राद्ध सर्वपित्रीला करावयाचे, हा आपला शास्त्रार्थ. लहानपणी मला ती केवळ एक रीत वाटे. त्या रात्री लंडनमध्ये उमगले, की सर्वपित्रीचे ते शेवटचे पान म्हणजे आमच्या घरची रिकामी समाधीच होती. जे काम त्या राष्ट्राने दगडात केले, ते माझ्या आजोबांनी दरसाल एका केळीच्या पानावर केले.

बाईंनी पुढचा प्रश्न केला तो नावाचा. आणि मला नाव सांगता येईना. आम्ही त्यांना बसऱ्याचे आजोबा म्हणत आलो. वडिलांना फोन केला. त्यांनाही नाव माहीत नव्हते. ज्यांना ते माहीत होते ते आजोबा जाऊन वीस वर्षे झाली होती.

तेव्हापासून मी शोधास लागलो. अविभक्त हिंदुस्थानातून त्या युद्धासाठी १० लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली, आणि ७४ हजारांहून अधिक मेली. त्यांतील सर्वांत मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, होता. १९१५ सालच्या डिसेंबरात कुट येथे जनरल टाउनशेंड यांच्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी वेढा घातला. त्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या. १४७ दिवस उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी त्या फौजेने शरणागती पत्करली, आणि कैदेतील वाटचालीत व छावण्यांत हजारो माणसे दगावली. बसरा येथे १९२९ साली ४० हजारांहून अधिक मृतांचे स्मारक उभारले गेले. पण त्या स्मारकाच्या भिंतीवर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा घातला.

हे करणाऱ्या आयोगाची स्थापना १९१७ साली झाली, ती मृतांमध्ये हुद्दा, वंश, धर्म यांचा भेद करावयाचा नाही या तत्त्वावर. तत्त्व युरोपात पाळले गेले. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे हिंदी शिपायांची नावे दगडात आहेत. बसऱ्याला ती नव्हती. २०२१ साली त्याच आयोगाने चौकशी करून ही विषमता जाहीरपणे कबूल केली. ज्यांचे नावाने स्मारक झाले नाही, किंवा मुळीच झाले नाही, अशांची संख्या निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, असे त्या अहवालात म्हटले आहे. त्यांत बहुतेक पूर्व आफ्रिकेतील आणि इजिप्तमधील लोक होते. शंभर वर्षांनी का होईना, चूक लेखी कबूल करणे ही साधी गोष्ट नाही, हे दप्तरात आयुष्य घालविलेला माणूस जाणतो.

अभ्यास संपवून मी परत आलो आणि बदलीने गुरुग्रामला राहू लागलो. उंच इमारतींचे हे शहर नवे वाटते, पण भोवतालची गावे जुनी आहेत. पहिल्या महायुद्धाच्या वेळी हा गुडगाव जिल्हा पंजाब प्रांतात होता, आणि पंजाबइतकी भरती दुसऱ्या कोणत्याही प्रांतातून झाली नाही. माझे एक सहकारी याच भागातील. त्यांच्या गावच्या चौपालीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तीवर मजकूर. अगदी तशीच पाटी आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत मी लहानपणापासून पाहिली होती. दोन्ही पाट्यांवर आकडे आहेत, नावे नाहीत.

एका रविवारी आम्ही दोघे दिल्लीस इंडिया गेट पाहावयास गेलो. सेनोटाफ बांधणाऱ्या लुटियन्सनेच तेही बांधले. १९२१ साली त्याचा पाया घातला आणि १९३१ साली ते पुरे झाले. तेथे १३ हजारांहून अधिक नावे आहेत. पण कमानीवरचा लेख नीट वाचला तर असे दिसते, की ती नावे वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका येथे मेलेल्यांना त्या त्या देशाच्या नावाने वंदन केलेले आहे. बसऱ्याचे आजोबा तेथे आहेत, पण ते 'मेसोपोटेमिया' या एका शब्दात आहेत. शेजारीच २०१९ साली राष्ट्रीय युद्धस्मारक झाले. स्वातंत्र्यानंतर पडलेल्या २५ हजारांहून अधिक सैनिकांचे तेथे प्रत्येकी एका विटेवर नाव आहे. एकेका नावापुढे थांबणारी माणसे पाहिली, आणि नाव कोरण्याचा अर्थ मला तेथे समजला.

आयोगाच्या नोंदी आता घरबसल्या शोधता येतात. पण शोधासाठी आधी नाव हवे, आणि मजपाशी तेच नव्हते. अखेर माझ्या पेशाने मला वाट दाखविली. शिपाई मेला तरी जमिनीतील त्याचा हिस्सा राहतो, आणि तो दुसऱ्याच्या नावे करावयाचा तर फेरफार घालावाच लागतो. रजा काढून मी तालुक्याच्या अभिलेख कक्षात गेलो. जुने फेरफाराचे पुस्तक मोडीत होते, म्हणून एका जाणत्या निवृत्त कारकुनांना बरोबर घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे बोट एका ओळीवर थांबले. नाव, बापाचे नाव, लढाईवर मयत, वारस वडील भाऊ. वारस म्हणजे माझे पणजोबा. खाली त्यांचा अंगठा होता.

ती ओळ वाचून झाल्यावर कारकून काही बोलले नाहीत, आणि मीही बोललो नाही. ते नाव मी येथे उच्चारीत नाही. त्या वर्षीच्या सर्वपित्रीला माझ्या वडिलांनी शेवटचे पान वाढले आणि प्रथमच नाव घेऊन वाढले. ते त्या घरचे नाव, घरीच शोभते.

कोणी म्हणेल, परक्याच्या साम्राज्यासाठी लढलेल्यांची एवढी आठवण कशाला? प्रश्न रास्त आहे. ते स्वातंत्र्यासाठी मेले नाहीत. पगारासाठी गेले, दुष्काळामुळे गेले, पाटलाने नाव घातले म्हणून गेले. खुद्द गांधीजींनी १९१८ साली खेडा जिल्ह्यात भरतीचा प्रचार केला होता. युद्ध कोणाचेही असो, वाट पाहणारी घरे आपली होती. त्या युद्धाचा गौरव करण्याची मला गरज वाटत नाही. त्या बाबतीत मी पांढऱ्या फुलाच्या बाजूचा. पण माणूस आकड्यात हरवून जाऊ नये, एवढे मात्र मनापासून वाटते.

त्या दोन्ही देशांच्या शरदाकडे आता मी एकत्र पाहतो. त्यांनी पितरांची चाल सोडली होती. युद्धाने ती त्यांच्याकडून पुन्हा करवून घेतली, आणि ती चौकात आली. आपल्याकडे ती कधी सुटलीच नाही. पण ती माजघरात राहिली, आणि घरातील एक म्हातारा गेला की तिच्यातील नाव जाते. आम्हांला त्यांच्याकडून चौकातील दगड घेता येईल. त्यांना आमच्याकडून ते शेवटचे पान घेता येईल, ज्याची तिथी ठाऊक नाही त्याच्यासाठीही वाढलेले.

आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या चावडीत, शाळेत किंवा देवळाच्या आवारात अशी संगमरवरी पाटी असेल. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. ते आज अपशिंगे मिलिटरी याच नावाने ओळखले जाते. माझी विनंती एवढीच आहे, की पुढच्या सुटीत त्या पाटीपुढे जरा थांबावे, तीवरील आकडा वाचावा, आणि गावातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारावे की हे कोण कोण होते. नावे मिळतील ती वहीत उतरवून घ्यावी. मिळाली नाहीत तर तलाठ्याच्या आणि तालुक्याच्या दप्तरात पाहावे. दप्तर कंटाळवाणे असते, पण ते विसरत नाही.

दर ११ नोव्हेंबरला गुरुग्रामच्या धुरकट सकाळी अकरा वाजता मी माझ्या टेबलाशी दोन मिनिटे गप्प बसतो. बाईंनी निरोपाच्या वेळी दिलेले एक तांबडे फूल माझ्या खणात आहे. हिंदी शिपायांच्या स्मरणार्थ त्या वर्षी मुद्दाम केलेले ते खादीच्या पाकळ्यांचे फूल आहे. त्याच्याशेजारी मी दसऱ्याचा एक वाळलेला झेंडू ठेवला आहे.